एकेचाळिसावी पायरी

ताईला कामावरून काढलं तेव्हा मी त्याच खोलीत, तिच्यापासून पाच टेबलं अलीकडे बसले होते, आणि माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. पुढचं सगळं सांगताना मी इतरांवर बरंच तोंडसुख घेणार आहे, म्हणून माझ्या वाटणीचं आधी सांगून टाकते.

आमच्या संस्थेत दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती. कागदोपत्री तिचं नाव 'गणना विभाग', पण सगळे तिला आकडेखोली म्हणायचे. बारा टेबलं, बारा यंत्रं, बारा बायका. यंत्र म्हणजे शिवणयंत्राच्या डोक्याएवढं लोखंडी धूड. समोर आकड्यांच्या कळा, उजवीकडे दांडा. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. भागाकार करताना एक फेरा जास्त झाला की आतली घंटी टिंग करायची, मग एक फेरा परत घ्यायचा आणि पुढच्या घरात सरकायचं. दिवसभर बारा दांड्यांचा खडखडाट आणि अधूनमधून टिंग, टिंग. घरी गेल्यावरही तासभर कान वाजत राहायचे.

जहाजांसाठी तक्ते, जमीन मोजणाऱ्यांसाठी तक्ते, विमा कंपन्यांसाठी माणसं कधी मरतील त्याचे तक्ते, असली आमची कामं. मी चौथ्या टेबलावर, ताई नवव्या. मला दांडा फिरवायला तिनेच शिकवलं. ती एकोणीस वर्षं तिथे होती, मी सहा. प्रत्येक हिशेब दोन टेबलं वेगवेगळा करायची आणि आमच्या पर्यवेक्षक, मोठ्या बाई, दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून बघायच्या. जुळलं तरच शिक्का.

संचालक वरच्या मजल्यावर बसायचे. त्यांना आम्ही तोंडावर साहेब म्हणायचो आणि पाठीमागे इस्त्री. कपड्याला कधी सुरकुती नाही, चेहऱ्याला त्याहून नाही. खाली आले की आम्हाला टेबलाच्या आकड्याने हाक मारायचे. "सात नंबर, जरा हळू." एकोणीस वर्षांत त्यांनी ताईला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. ती म्हणायची, "बरंय की, निदान आकडा तरी चुकत नाहीत."

त्या वर्षी इस्त्रीच्या डोक्यात एक संख्या शिरली. दोनला दोनने गुणत जायचं, एकाहत्तर दोन होईपर्यंत, आणि शेवटी एक वजा करायचा. येते ती अशी: २३६११८३२४१४३४८२२६०६८४७. बावीस आकडी. ही संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, असं त्यांनी वार्षिक सभेत छाती ठोकून जाहीर केलं. सिद्ध करायचं काम तेवढं बाकी होतं. ते आमच्याकडे आलं.

रीत सांगायला सोपी आहे. चारपासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या बावीस आकडी संख्येने भागायचं, आणि जी बाकी उरेल तिच्यावर पुन्हा तेच. अशा एकोणसत्तर पायऱ्या. शेवटच्या पायरीला बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली, तर नाही. मधेअधे काही नाही.

सांगायला सोपी, करायला जीवघेणी. बावीस आकड्यांचा वर्ग यंत्रात मावत नाही, तुकडे पाडून करावा लागतो. एका पायरीला जोडीचा दीड दिवस जायचा. नेहमीची कामं सांभाळून, आळीपाळीने, आम्ही ते चार महिने ओढलं. एकेचाळिसावी पायरी माझ्या आणि ताईच्या वाट्याला आली. आम्ही ती केली, मोठ्या बाईंनी ताडली, शिक्का मारला, कागद पुढे गेला. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीही नव्हतं.

एकोणसत्तराव्या पायरीला बाकी आली ती शून्याच्या आसपासही फिरकणारी नव्हती. भलीमोठी, बावीस आकडी.

इस्त्री खाली आले. मोठ्या बाईंच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी नोंदवही मागितली आणि पानं उलटायला लागले. ते वाचत नव्हते, बोट फिरवत होते. मला आजही ते बोट दिसतं. एकेचाळिसाव्या पानावर थांबलं.

"चार आणि नऊ. या दोघी बहिणी ना?"

"हो साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बहिणीबहिणींना एका जोडीत कुणी बसवलं? एकीने चूक केली, दुसरीने उतरवून घेतली. जुळणारच मग."

"साहेब, मधे चार टेबलं आहेत."

"जेवायच्या सुट्टीत नसतात."

मी उठून सांगायला हवं होतं की त्या आठवड्यात ताई जेवायच्या सुट्टीत दाताच्या डॉक्टरकडे जात होती, आमची गाठसुद्धा पडत नव्हती. पण मी दांड्यावरचा हात तसाच ठेवून बसून राहिले. इस्त्री म्हणाले, "दोघींनाही घरी पाठवा."

तेव्हा ताई उठली. शांतपणे म्हणाली, "साहेब, चूक माझी. मीच तिला माझा कागद दाखवला. ती नवीन आहे, तिचा दोष नाही."

सहा वर्षं झालेली मी, नवीन! ताई खोटं बोलत होती हे त्या खोलीत प्रत्येकीला कळलं. मोठ्या बाईंनी खाली बघितलं. इस्त्रींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. संध्याकाळी ताईच्या हातात कागद पडला. त्यावर टंकलेलं होतं: 'चुकीची गणना करणे व ती सहकाऱ्यास पुरविणे या कारणास्तव सेवा समाप्त.'

घरी येताना मी रस्त्यात तिच्याशी भांडले. "तुला कुणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला? तेही खोटं बोलून!"

"दोघी घरी बसून काय केलं असतं? एकमेकींची तोंडं बघितली असती?"

"पण तू चुकली नाहीस!"

ती चालत राहिली. कोपऱ्यावर वळताना म्हणाली, "कशावरून?"

त्या एका शब्दाने माझं डोकं भणभणलं. ताई आणि 'कशावरून'! दुकानातल्या बिलाची बेरीज उलटी वाचून सांगणारी बाई ती.

त्यानंतर नऊ दिवसांनी इस्त्रींनी जाहीर केलं की एकेचाळिसाव्या पायरीपासून मोठ्या बाई आणि पहिलं टेबल यांनी सगळी गणना नव्याने केली, आणि बाकी शून्य आली. संख्या मूळ आहे. महिन्याभरात खालच्या दालनात पितळी पट्टी लागली. वर ती बावीस आकडी संख्या, खाली संचालकांचं नाव, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. येता-जाता मला त्या पट्टीखालून जावं लागायचं.

नऊ दिवसांत एकोणतीस पायऱ्या! जिथे एका पायरीला दीड दिवस लागतो तिथे! मी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तू तुझं काम कर गं," आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

घरी ताईची तऱ्हा वेगळीच. आम्ही तिघं राहायचो, ती, मी आणि माझा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. ताई सकाळी भांडी आवरली की टेबलावर कागद पसरून एकेचाळिसावी पायरी करायची. हाताने, यंत्राशिवाय. चार-पाच दिवसांनी उत्तर यायचं. उत्तर तेच. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा तिच्या हातून तिसऱ्या घरात हातचा राहिला, उत्तर वेगळं आलं, तर दोन दिवस जेवली नाही. म्हणाली, "बघ, चुकते मी." मी तो कागद टराटरा फाडला.

"हजार वेळा केलंस तरी काय होणार आहे?" नवरा तिला म्हणाला. "ताई, मी लिफ्ट अडकली की दोरखंड बघतो, मोटार बघतो, पण आधी बघतो खाली कुणी दार उघडं तर ठेवलं नाही ना. लोक नेहमी भलतीकडेच बघत बसतात."

त्याला आकड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण त्याचं बोलणं माझ्या डोक्यात घुसलं. आम्ही दोघी पायरीकडे बघत होतो. पायरी कुणाला पटवून देणार? ते एकोणसत्तर पायऱ्यांचं जंगल कोण तुडवणार? पण त्या संख्येला कशाने तरी पूर्ण भाग जातो असं दाखवलं, तर पायऱ्या गेल्या खड्ड्यात. दोन संख्या समोर ठेवायच्या आणि म्हणायचं, गुणा. एवढंच.

मी ताईला सांगितलं. तिने हात झटकला. "बावीस आकडी संख्येचे भाजक शोधणार? केस पांढरे होतील."

"होऊ देत."

"आणि नाही सापडला तर? संख्या खरंच मूळ असेल तर?"

"तर तू चुकलीस असं मी मान्य करेन. पण तोपर्यंत तू ते पुन्हा म्हणायचं नाही. ऐकलंस? माझ्या घरात नाही!"

माझा आवाज इतका चढला की शेजारचं दार उघडलं. ताई आत गेली.

मी दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या सुट्टीत सुरुवात केली. सातने भागलं, अकराने, तेराने. आठवडाभर आंधळ्यासारखी भागत सुटले. मग एका संध्याकाळी माझ्या पिशवीत मला एक कागद सापडला. ताईचं अक्षर. वर लिहिलं होतं: 'वाटेल त्याने भागत बसू नकोस. या संख्येचा भाजक असलाच तर १४२ च्या पटीत एक मिळवून येणाराच असतो. त्यातले निम्मे आठच्या नियमाने गळतात, कारण भाजकाला आठने भागलं की एक किंवा सातच उरायला हवेत. ज्यांना तीन, पाच, सातने भाग जातो त्या मी खोडल्या आहेत. उरलेल्याच कर.' खाली आकड्यांचे चार उभे रकाने.

रोज सकाळी पिशवीत नवा कागद असायचा. रोज संध्याकाळी मी तो टेबलावर परत ठेवायचे, प्रत्येक आकड्यापुढे उरलेली बाकी लिहून.

साडेपाच महिने. अर्ध्या तासाच्या सुट्टीत तीन भागाकार व्हायचे, कधी दोनच. डबा मी एका हाताने खायचे. बाकीच्या जणींना वाटायचं मला वेड लागलं. सात नंबर म्हणाली, "अगं, यंत्रालासुद्धा विश्रांती लागते." मी म्हटलं, "यंत्राला घरी पाठवलेलं नाही कुणी."

राग जिरतो म्हणतात. माझा जिरत नव्हता. प्रत्येक टिंगला वाढत होता. दांडा फिरवताना मी मनात इस्त्रीचा कान पिळत होते असं म्हटलं तरी चालेल.

तो आकडा होता २२८४७९. एकशे बेचाळीसची सोळाशे नववी पट, आणि वर एक. एका कंटाळवाण्या दुपारी, रकान्यात वरून पाचवा. शेवटच्या घरात आले, दांडा फिरवला, एक, दोन, तीन. आणखी एक फिरवला की घंटी वाजणार हे हाताला सवयीने कळतं. यंत्रावरच्या, आकडे दाखवणाऱ्या खिडक्यांकडे बघितलं. सगळ्या खिडक्यांत शून्य. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती शून्यं.

मी उलटा गुणाकार केला. जुळला. दुसऱ्या टेबलाच्या यंत्रावर केला. जुळला. भागाकार होता १०३३४३५५६३६३३७७९३.

मला आनंद झाला असेल असं वाटेल. नाही झाला. मला फक्त एवढंच दिसलं की बाकी शून्य येणं कधी शक्यच नव्हतं. पहिल्यांदा आलेली ती भलीमोठी बाकी, जिच्यासाठी ताईला हाकललं, तिच्यात काही वावगं नव्हतंच. आणि ज्या शून्यासाठी पट्टी लावली, ते कुणीतरी हाताने लिहिलं होतं.

मी तशीच उठून वर गेले. इस्त्रींच्या टेबलावर कागद ठेवला.

"चार नंबर? काय आहे हे?"

"तुमच्या संख्येला भाग जातो, साहेब."

त्यांनी कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला. "तुमच्या बहिणीचा उद्योग दिसतो. तिच्या गणनेबद्दल आपलं बोलणं झालेलं आहे."

"मग गुणून बघा. सतरा आकडी गुणिले सहा आकडी. तुमच्यामागे यंत्र आहे."

खरंच होतं. कपाटावर, काचेच्या झाकणात, आमच्या यंत्रांपेक्षा नवं कोरं. त्यांनी वळून बघितलं. उठले, झाकण काढलं, आणि दांड्याला हात घातला. दांडा हलेना. कारण खटका काढायचा असतो. आमच्याकडे आलेल्या पोरीला पहिल्या तासाला शिकवतात ते. त्यांनी जोर लावला, कान लाल झाले. मग झाकण पुन्हा घातलं.

"कागद ठेवून जा. मी बघतो."

आणि मी ठेवून गेले! आकडा न् आकडा दोनदा तपासणारी मी, एवढी साधी गोष्ट तपासली नाही की कुणाच्या हातात काय देते आहे. घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. भाजक ऐकून ती खुर्चीवर बसली, ओठ हलवत मनातल्या मनात शेवटचे आकडे गुणले, मान हलवली. मग एकदम म्हणाली, "कागदाची प्रत ठेवलीस ना?"

प्रत होती. पण तो प्रश्न नव्हता.

तीन आठवड्यांनी संस्थेचं पत्रक आलं. पहिल्याच पानावर: 'मूळ मानल्या गेलेल्या बावीस आकडी संख्येचा भाजक शोधण्यात संचालकांना अथक परिश्रमांनंतर यश. आधीचा निष्कर्ष कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या सदोष गणनेवर आधारित होता.' पितळी पट्टी एका रात्रीत गायब झाली. भिंतीवर चार भोकं उरली.

ते पत्रक मी आकडेखोलीत उभी राहून मोठ्याने वाचलं. सगळे दांडे थांबले. वाचून झाल्यावर मोठ्या बाईंच्या टेबलापाशी गेले आणि ते त्यांच्यासमोर आपटलं.

"कनिष्ठ कर्मचारी म्हणजे आता तुम्ही आहात, मोठ्या बाई. शून्य तुम्ही लिहिलंत. ताई एकदा खोटं बोलली ते मला वाचवायला. तुम्ही कुणाला वाचवलंत?"

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू! वर्षभर हळू बोलले!"

त्यांनी खालचा खण किल्लीने उघडला, नोंदवही काढली. "एकेचाळिसावी पायरी मी स्वतः तीनदा पुन्हा केली होती," त्या म्हणाल्या. खोलीत सगळ्यांना ऐकू जात होतं, पण आता त्यांना त्याचं काही नव्हतं. "पहिल्या टेबलानेही केली. दोघींचं उत्तर तुमच्यासारखंच आलं, आकडा न् आकडा. मी वर जाऊन सांगितलं. म्हणाले, मग पुढे बघा, कुठेतरी असेल. नवव्या दिवशी खाली आले, तिथे त्या खुर्चीत बसले. विचारलं, शून्य आलं का? मी म्हटलं, अजून सत्तावीस पायऱ्या आहेत. म्हणाले, बाई, मी विचारलं, शून्य आलं का?"

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"निवृत्तीला दोन वर्षं होती गं." त्यांनी नोंदवही माझ्याकडे सरकवली. "घेऊन जा. मी कुणाला अडवणार नाही आणि कुणी मला विचारलं तर खरं सांगेन. हे मी तेव्हाच करायला हवं होतं, माहितेय मला. तोंड नको वाजवूस आता."

मी पानं उलटली. दुसऱ्या गणनेत एकेचाळिसाव्या पायरीवर चारचौघींच्या सह्या होतील इतकं स्वच्छ उत्तर. पुढे बेचाळिसावी, अर्धीमुर्धी. त्यापुढे कोरी पानं. एकोणसत्तराव्या पानावर एक शून्य. इस्त्रींनी ती वही कधी उघडून बघितलीच नव्हती. बघून कळलं असतं असंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई विश्वस्त मंडळाच्या सचिवांकडे गेलो. ते निवृत्त अभियंता, आयुष्यभर पूल बांधलेले. खोलीत नकाशांच्या गुंडाळ्या, खिडकीत एक मरायला टेकलेलं रोपटं. मी बोलायला लागले तशी त्यांनी हात वर केला. "आधी संख्या."

ताईने कागद पुढे केला. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि गुणायला घेतलं. ना यंत्र, ना घाई. अर्ध्यावर एक हातचा विसरले, ताईने नुसतं बोट ठेवलं, त्यांनी मुकाट्याने दुरुस्त केला. आम्ही पाऊण तास बसून होतो. वर्षभरात एका तरी माणसाने गुणून बघितलं! मला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

मग त्यांनी नोंदवही बघितली. कोरी पानं एकेक करून उलटली. ताईला विचारलं, "तुम्हाला काय हवंय? परत कामावर यायचंय? ते होईल."

"आधी ते वाक्य खोडा," ताई म्हणाली आणि सेवा समाप्तीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"मंडळापुढे ठेवावं लागेल."

"ठेवा. पण आत्ता खोडा. माझ्यासमोर."

उभ्या आयुष्यात ताईचा असा आवाज मी ऐकला नव्हता. वर चढलेला नाही. पण त्यातून पुढे काही निसटायला फट नव्हती. सचिवांनी पेन घेतलं, 'चुकीची गणना' पासून 'पुरविणे' पर्यंत रेघ ओढली, बाजूला सही आणि तारीख घातली. ताईने कागद घडी करून पिशवीत ठेवला.

"आणि पत्रक?" मी विचारलं. "भाजक साहेबांनी शोधला असं छापलंय त्याचं काय?"

"ते वेगळं प्रकरण आहे."

"वेगळं कसं? चोरी ती चोरी!"

"संचालकांची मुदत अजून तीन वर्षं आहे," ते म्हणाले. निदान खाली बघून म्हणाले. "संस्थेची अब्रू एकदा गेली की सगळ्यांचीच जाते, तुम्ही समजून घ्या."

"मी समजून घेणार नाही," मी म्हटलं. ताईने माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

जिन्यात मी तिच्यावरच घसरले. तू एका रेघेवर समाधान कशी मानतेस, तो माणूस वर खुर्चीत तसाच बसलाय, तुला काही वाटतं की नाही! तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला त्याचं काही नकोय. मला माझं हवं होतं, ते मिळालं. तुला त्याचं काहीतरी हवंय, म्हणून तुझं संपत नाही."

"म्हणजे चूक माझी?"

"मी तसं म्हटलं नाही. तुझं काही चूक नाही." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "तो सतरा आकडी फुटेल का गं?"

"ताई, आत्ता आकड्यांचं नाव काढलंस तर मी तुला इथून ढकलून देईन."

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा. मला मात्र हसू आलं नाही.

ती परत कामावर गेली नाही. मोठ्या बाई दोन महिन्यांत स्वतःहून निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या जागी सात नंबर आली. मी सोडलं, आता एका विमा कचेरीत आहे, तिथे निदान नावाने हाक मारतात. भंगारात निघालेलं एक जुनं यंत्र नवऱ्याने कुठूनसं आणलं, तेल घालून चालू केलं. ताई त्यावर तो सतरा आकडी फोडत बसते. नियम तोच, एकशे बेचाळीसच्या पटी, पण अजून काही सापडलेलं नाही. तिला त्याची घाई नाही.

मला आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी मंडळाला पत्र लिहिते. वर दोन्ही संख्या, खाली पूर्ण गुणाकार, ओळ न् ओळ, हातच्यांसकट. त्याखाली एकच मागणी: पत्रकातली दुरुस्ती छापा, भाजक कुणी शोधला ते लिहा, आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांची माफी मागा. आजवर सव्वीस पत्रं गेली. सुरुवातीला 'विचाराधीन आहे' असं उत्तर यायचं, आता तेही येत नाही.

नवरा म्हणतो, "किती दिवस चालवणार आहेस हे?"

ताई दांडा फिरवता फिरवता म्हणते, "लिहू दे तिला. फक्त गुणाकार मला दाखवून पाठव म्हणावं."

मी दाखवते. ती प्रत्येक वेळी सगळा तपासते, आणि खाली आपली सही करते.